बारा पौंडांची कुळकथा

भिलाईच्या वैशाली नगरात कुणी घरी केगरेटर, म्हणजे केग नावाच्या पिंपातलं पेय गार ठेवून कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने तोटीतून देणारा फ्रिज बसवला, तर पहिला सल्ला ठरलेला: दाबाचा काटा 12 पौंडांवर (दर चौरस इंचाला) ठेवा आणि विसरून जा. आकडा खोटा नाही, पण परक्या घरचा आहे. तो बिअरचा आहे आणि 3 अंशांच्या गारठ्यातला आहे. बिअरला स्वतःच्या आकारमानाच्या साधारण अडीच पट वायू पुरतो. जिभेला झोंबणाऱ्या सोड्याला चौपटीच्या आसपास लागतो. शिवाय मे महिन्यात जिथे पारा चाळिशी ओलांडतो, तिथे तापमान न विचारता दाब सांगणं म्हणजे निम्मंच उत्तर देणं. नुसता दाब हे माप म्हणून कधीच पुरेसं नव्हतं, हे सोड्याचा इतिहास पाहिला की पटतं.

1767 च्या सुमारास लीड्समध्ये जोसेफ प्रीस्टली बिअरच्या भट्टीशेजारी राहत होता. आंबणाऱ्या पिंपांवर साचणाऱ्या वायूत पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत त्याने सोडा बनवला. त्यात जास्तीचा दाब नव्हताच. हवेच्या साध्या दाबाला 20 अंशांचं पाणी स्वतःच्या आकारमानाइतकाही कार्बन डायऑक्साइड धरत नाही, त्यामुळे तो सोडा मिळमिळीतच असणार. 1783 मध्ये याकोब श्वेपने जिनिव्हात सोड्याचा धंदा मांडला, तो पंपाच्या जोरावर. मग 1803 मध्ये विल्यम हेन्रीने नियम सांगितला: तापमान तेच राहिलं, तर विरघळणारा वायू दाबाच्या प्रमाणात वाढतो. यातलं ‘तापमान तेच राहिलं तर’ बहुतेकांच्या लक्षात राहत नाही, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

यावर कुणी म्हणेल, गोटी सोडावाल्याकडे कुठे थर्मामीटर होता? हिरम कॉडची गोटीची बाटली 1872 ची. पुण्यात 1884 साली अर्देशीर आणि मुंबईत 1889 साली ड्यूक्स असे कारखाने उभे राहिले, त्या काळात ही बाटली आपल्याकडे रुळली. बाटली उलटी धरून भरायची; सुलटी केली तरी आतल्या वायूच्या रेट्याने गोटी गळ्यातल्या रबरी कड्याला घट्ट चिकटून राहते. दाब कमी पडला तर गोटी बसतच नाही. म्हणजे बाटली स्वतःच काट्याचं काम करते, हे खरं. पण ती फक्त खालची मर्यादा सांगते. वरची मर्यादा जाड काचेवर सोपवलेली असते, आणि काच ती फुटूनच सांगते.

आता हिशेब पाहा. 3 अंशांच्या पाण्यात चौपट वायू मुरवायला काट्यावर सुमारे 25 पौंड पुरतात. तेच पाणी 30 अंशांचं असेल तर सुमारे 75 लागतात. केगरेटरच्या आत तर बारमाही गारच असतं, मग बाहेरच्या उन्हाची काळजी कशाला, हा आक्षेप रास्त वाटतो. पण 19 लिटरचा केग कोमट पाण्याने भरला की तो गार व्हायला दिवस जातो. तोवर वायू मुरत नाही म्हणून घाईने दाब वाढवला आणि तसाच ठेवला, तर पाणी गार झाल्यावर वायू बेसुमार मुरतो आणि पेल्यात नुसता फेस पडतो. उलटही घडतं: आतला सोडा नेमका असतो, पण बाहेरची तोटी तापलेली असते. फेस दिसला की लोक दाब उतरवतात आणि चांगला सोडा बेचव करून टाकतात. तिथे नळी लांब करावी, तोटी गार ठेवावी. दाबाला हात लावू नये.

गंमत म्हणजे घरोघरी वापरतात तो केग मुळात शीतपेयांच्या धंद्यातला. तिथून तो बाद झाला, तेव्हा घरी बिअर बनवणाऱ्यांनी उचलला आणि 12 चा आकडा त्याला चिकटला. केगला वायू पुरवणाऱ्या सिलिंडरवरच्या दुसऱ्या काट्यावरही फार विसंबू नये. आत द्रवरूप वायू उरला आहे तोवर तो काटा साठा नाही, हवेची गरमी दाखवतो, आणि 31 अंशांच्या वर तर आत द्रव राहतच नाही. किती वायू उरला हे कळायला सिलिंडर वजनावर ठेवावा लागतो. सोड्यासाठी मात्र आधी केगातल्या पाण्याचं तापमान मोजा, ते 3 ते 4 अंशांवर येऊ द्या, आणि मगच काटा 25 वर न्या.