केडगावचे खिळे

पुण्याहून सोलापूरकडे जाताना दौंडच्या अलीकडे केडगाव स्टेशन लागतं. (नगरजवळचं नव्हे, ते वेगळं.) पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन इथलं. रमाबाईंचं नाव काढलं की आपली चर्चा धर्मांतरावर येते आणि तिथंच अडकते. मला आज त्यांच्या धर्माबद्दलच लिहायचंय, पण जरा वेगळ्या अंगाने. त्या धर्मात त्यांना 'काम' या गोष्टीचा काय अर्थ सापडला?

ख्रिस्ती परंपरेत येशू स्वतः सुतार. पौल तंबू शिवून पोट भरायचा, आणि जो काम करायला तयार नाही त्याने जेवूही नये असं त्याने एका मंडळीला बजावलं होतं. सहाव्या शतकात बेनेडिक्टने मठाचे नियम लिहिले, त्यात प्रार्थनेच्या वेळांसोबत अंगमेहनतीचे तासही ठरवून दिले. पुढे ल्यूथर म्हणाला, मोच्याचं काम पाद्र्याच्या कामापेक्षा देवाला कमी नाही. (याच धर्माच्या देशांनी गुलामही राबवले. तेही लक्षात ठेवू.)

रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला झाला. तिथल्या सिस्टर समाजाने टाकलेल्या बायकांसाठी घर चालवत, ते रमाबाईंनी लंडनमध्ये पाहिलं आणि त्या हलून गेल्या. इथल्या विधवेचे हाल त्यांना ठाऊक होते. आता कुणी म्हणेल, विधवेला काम का नवीन होतं? पहाटेपासून रात्रीपर्यंत ती राबतच होती की! खरंय. काम पाचवीला पुजलेलं, पण त्याची किंमत शून्य आणि वर अपशकुनी म्हणून शिव्या.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली, बायका घेऊन आल्या. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर आणखी आल्या. एवढ्या जणींना नुसतं बसवून खायला घालणं शक्य नव्हतं आणि रमाबाईंना ते मान्यही नव्हतं. केडगावात शेती, दूधदुभतं, शिवणकाम, विणकाम, तेल काढणं, धुलाई, छपाई अशी सगळी कामं मुली शिकल्या.

मला यातली जातीची गोष्ट मोठी वाटते. आपल्याकडे घाणा तेल्याचा, माग कोष्ट्याचा, धुणं परटाचं. कामावरून जात ओळखायची आणि जातीवरून काम. केडगावात जी मुलगी शिकेल तिचं ते काम. भाषण न ठोकता केवढी मोठी गाठ सुटली बघा.

आणि छापखाना! मी पत्रकारितेत आलो तेव्हा आमच्या साप्ताहिकात अजून खिळे जुळवत होते. उलटी अक्षरं, शिशाने काळी झालेली बोटं, एक वेलांटी चुकली की मालकाची बोलणी. कंपोझिंगला बाई मी एकदाही पाहिली नाही. केडगावात त्याच्या कितीतरी आधी बायका खिळे जुळवत, छापत, बांधणी करत होत्या. रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून मराठीत केलेलं बायबल याच छापखान्यातलं. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, संपूर्ण ग्रंथ त्यानंतर बाहेर आला.

टीका करायची तर तीही करतो. शारदा सदनातल्या मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतोय म्हणून १८९३ मध्ये गदारोळ झाला, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. दुष्काळातून उचललेल्या उपाशी पोरीला प्रार्थनेला 'नाही' म्हणता येत होतं का, हा प्रश्न मलाही पडतो. अन्न देणाऱ्याला नाही म्हणणं सोपं नसतं. पण त्या पोरींना उपाशी सोडून देणाऱ्यांनी हा प्रश्न विचारावा, हे मला पटत नाही.

आपल्या भागातल्या जुन्या छापखान्यांत कंपोझिंग किंवा बाइंडिंगला बायका होत्या का? घरात कुणाची आजी, आत्या असेल तर जरूर लिहा. भेटायला मी स्वतः येईन.