चार गुणांच्या रेघेचं कूळ

छातीत कळ, धाप आणि धावती नाडी घेऊन माणूस तातडीच्या विभागात येतो. फुप्फुसाच्या धमनीत गुठळी अडकली असेल का? सरसकट सगळ्यांचं सीटी केलं, तर अनेकांना किरणोत्सर्ग विनाकारण सोसावा लागतो. म्हणून डॉक्टर आधी वेल्स गुण मोजतात. पायात गुठळीची लक्षणं असतील तर ३, इतर निदानांपेक्षा हेच जास्त संभवत असेल तर ३, नाडी १०० च्या वर असेल तर १.५, अशी सात कलमं. बेरीज ४ पर्यंत आली तर रक्तातलं डी-डायमर तपासायचं, पुढे गेली तर थेट सीटी.

हा ४ आला कुठून? त्याचा माग काढत गेलं की माणूस थेट रक्तगटांच्या शोधापाशी पोचतो.

व्हिएन्नात कार्ल लांडस्टायनर यांनी १९०१ मध्ये दाखवलं, की एकाच्या रक्तद्रवात दुसऱ्याच्या तांबड्या पेशी टाकल्या तर कधीकधी त्या एकमेकींना चिकटतात. हे चिकटणं नुसत्या डोळ्यांना दिसतं, यंत्र लागत नाही. पुढे १९७५ मध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच साच्यातली प्रतिपिंडं हवी तेवढी बनवण्याची युक्ती शोधली. १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये डी-डायमर ओळखणारं असं प्रतिपिंड तयार झालं. गुठळीतलं फायब्रिन विरघळताना जोडीनेच सुटणारा तुकडा म्हणजे डी-डायमर. कोविडच्या काळात महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचला तो हाच शब्द.

ब्रिस्बेनच्याच सिम्प्लीरेड चाचणीत लांडस्टायनर परत भेटतात. प्रतिपिंडांची जोडगोळी केलेली: एक डी-डायमर धरणारं, दुसरं तांबड्या पेशी धरणारं. रुग्णाच्या रक्ताच्या थेंबात ही जोडगोळी मिसळून पट्टी हलवायची. डी-डायमर पुरेसं असेल तर रुग्णाच्याच पेशी दोनेक मिनिटांत चिकटून कणीदार दिसतात. प्रयोगशाळेची वाट पाहायला नको. पण चाचणी कच्ची होती. काही खऱ्या गुठळ्या तिच्या हातून निसटत.

कॅनडातल्या ओटावाच्या फिलिप वेल्स यांचं १९९८ चं मूळ वर्गीकरण बरंच गुंतागुंतीचं होतं. २००० साली त्यांनी ते सात कलमांवर आणलं आणि त्या निबंधाच्या शीर्षकातच सिम्प्लीरेडचं नाव आहे. कच्च्या चाचणीचा नकार ज्यांच्याबाबत मानता येईल असे रुग्ण वेगळे काढणारी रेघ म्हणजे हा ४.

यावर प्रतिपक्ष असा: गुणांचं खरं मूळ डॉक्टरांच्या अनुभवात आहे. १९९० च्या पायोपेड अभ्यासानेच अनुभवी अंदाजाचं वजन दाखवून दिलं होतं. शिवाय वेल्स गुणांतली ३ ची एक मोठी रक्कम निव्वळ डॉक्टरच्या मतावर मिळते. कलमांपुरतं हे पटण्यासारखं आहे. रेघेचं मात्र तसं नाही. वेल्स यांच्या २००० च्या निबंधात तीन पायऱ्यांची विभागणीही होती, २ च्या खाली, २ ते ६ आणि ६ च्या वर. मधल्या पायरीला ४ वर कापण्याची गरज चाचणीमुळेच पडली.

पुढे जास्त संवेदनशील चाचण्या आल्या, तरी ४ टिकला; २००६ च्या क्रिस्टोफर अभ्यासाने तो ३,३०६ रुग्णांवर सीटीसोबत वापरला. चाचणीवरून रेघ ठरण्याचं हे नातं उलटलं ते २०१७ च्या यिअर्स अभ्यासात. तिथे वेल्सच्या सातांतली तीनच कलमं उरली: पायातली लक्षणं, खोकल्यातून रक्त आणि डॉक्टरचं मत. तिन्ही नसतील तर डी-डायमरची मर्यादा १,००० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, एखादं असेल तर ५००.