कोणत्या गुरूकडे शिकलात?

गझनीच्या महमूदाने १०१७ मध्ये ख्वारज्म जिंकले आणि तिथले विद्वान आपल्या राजधानीत आणले. त्यांत अबू रैहान अल्-बिरूनी होता. जन्म ९७३ चा, म्हणजे वय चव्वेचाळीसच्या आसपास. या वयात, या अवस्थेत त्याने संस्कृत शिकायला घेतले.

महमूदाच्या स्वाऱ्यांवर आपल्याकडे दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले जाते. बिरूनीने १०३० मध्ये पूर्ण केलेल्या 'किताबुल हिंद'मध्ये स्वच्छ लिहिले की, त्या स्वाऱ्यांनी देशाची भरभराट उद्ध्वस्त झाली, हिंदूंच्या मनात मुसलमानांविषयी तिटकारा बसला आणि त्यांच्या विद्या काश्मीर-बनारसकडे निघून गेल्या. ज्यांची जबान शिकायची त्यांनाच आपण नकोसे, ही त्याची खरी अडचण. व्याकरणाची नंतरची.

तीही लहान नव्हती. एका वस्तूला अनेक शब्द, एका शब्दाचे अनेक अर्थ, शास्त्रेसुद्धा श्लोकांत, नकला करणारे बेफिकीर. त्यात अरबी लिपीत न मावणारे उच्चार. पंडितांच्या तोंडून शब्द ऐकून तो जपून लिहून घेई आणि त्यांनाच वाचून दाखवी, तर त्यांना तो मुश्किलीने ओळखू येई! आम्हा उर्दू शाळेतल्या मास्तरांना हे वाचून हसू येते. आमची मुले मराठी शब्द उर्दू लिपीत टिपून नेतात. तिथे 'ळ' नाही, म्हणून घरी पोहोचेपर्यंत 'वेळे'ची 'वेल' झालेली असते.

बिरूनीने ग्रंथांसाठी पैसा ओतला, दूरदूरचे पंडित गाठले आणि त्यांच्यापुढे शागीर्द म्हणून उभा राहिला. पुढे ज्योतिषात तोच त्यांना शिकवू लागला, तेव्हा त्यांनी विचारले, कोणत्या हिंदू गुरूकडे शिकलात? आमच्या मते यापेक्षा मोठी सनद नाही. सांख्य आणि पतंजली त्याने अरबीत नेले. पण तेवढ्यावर न थांबता युक्लिड आणि टॉलेमी हिंदूंसाठी त्यांच्या भाषेत आणायला घेतले, त्यासाठी श्लोकरचनेचा सराव केला.

अरबीदेखील त्याची मादरी जबान नव्हती. घरची बोली ख्वारज्मी. अरबी आणि फारसी दोन्हींत आपण परके, असे त्याने उतारवयात लिहिले आहे. ख्वारज्मी पुढे बोलणारेच न उरल्याने लोपली. तिच्यातली महिन्यांची आणि सणांची नावे आज आपल्याला माहीत आहेत, ती बिरूनीने आपल्या एका अरबी ग्रंथात टिपून ठेवली म्हणून.