राजगड तालुका (वेल्हे)

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील डोंगराळ तालुका. लोकसंख्या ५४,५१६ (२०११). जिल्ह्यात सर्वांत कमी लोकसंख्येचा तालुका हाच, आणि त्या जनगणनेनुसार इथली सगळी वस्ती ग्रामीण. मुख्य ठिकाण वेल्हे बुद्रुक, तोरण्याच्या पायथ्याशी, कानंदी नदीच्या खोऱ्यात. तालुक्याच्या उत्तरेस मुळशी, पूर्वेस हवेली व दक्षिणेस भोर हे तालुके असून पश्चिमेला सह्याद्रीचा कडा उतरला की रायगड जिल्हा लागतो. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘वेल्हे’ हे तालुक्याचे नाव बदलून ‘राजगड’ करण्यास मान्यता दिली. लोकांच्या बोलण्यात मात्र वेल्हे हेच नाव रुळलेले आहे. विधानसभेसाठी हा प्रदेश भोर मतदारसंघात, लोकसभेसाठी बारामती मतदारसंघात मोडतो.

तालुका म्हणजे मुख्यतः चार नद्यांची खोरी. मोसे आणि आंबी यांचे पाणी मुठेला मिळते. कानंदी गुंजवणीला आणि गुंजवणी पुढे नीरेला मिळते. खोऱ्यांच्या मधल्या डोंगररांगांवर गड, उतारावर वाड्या आणि तळाशी भातखाचरे, अशी सर्वसाधारण रचना. बारा मावळांपैकी गुंजण मावळ, कानंद खोरे आणि मोसे खोरे या भागात येतात. गुंजण मावळाची देशमुखी शिळीमकरांकडे, कानंद खोऱ्याची मरळांकडे आणि मोसे खोऱ्याची पासलकरांकडे होती. ही आडनावे आजही या खोऱ्यांत भेटतात.

इतिहास : या तालुक्याइतका स्वराज्याच्या आरंभाशी जोडलेला प्रदेश दुसरा नाही. तोरणा (उंची सु. १,४०३ मी.) हा जिल्ह्यातील सर्वांत उंच किल्ला. शिवाजी महाराजांनी आरंभीच घेतलेल्या किल्ल्यांत त्याची गणना होते. गड घेतल्याचे साल सामान्यतः १६४६ धरतात, काही अभ्यासक ते तीन वर्षे आधीचे मानतात. गडाचा विस्तार पाहून महाराजांनी त्याला प्रचंडगड हे नाव दिले. दुरुस्ती चालू असताना गडावर धन सापडले आणि ते समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर नवा गड बांधायला वापरले, असे परंपरा सांगते. तो नवा गड म्हणजे राजगड. झुंजार माची आणि बुधला माची ही तोरण्याची दोन अंगे; गडावरील मेंगाई देवीचे देऊळ हे आजही वर जाणाऱ्यांच्या विसाव्याचे ठिकाण आहे.

राजगड सुमारे पंचवीस वर्षे स्वराज्याची राजधानी होता. ५ सप्टेंबर १६५९ रोजी महाराजांच्या पत्नी सईबाईंचे निधन इथेच झाले. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले, तेव्हा महाराजांनी स्वतःकडे ठेवलेल्या बारा किल्ल्यांत राजगड आणि तोरणा हे दोन्ही होते. आग्र्याहून निसटल्यावर १६६६ मध्ये महाराज परतले ते राजगडावरच. २४ फेब्रुवारी १६७० रोजी त्यांचे पुत्र राजाराम महाराज यांचा जन्म याच गडावर झाला. त्यानंतर राजधानी रायगडावर गेली. गडाखालच्या पाल खुर्द परिसरातील शिवपट्टण ही तळाची वस्ती याच काळातील मानली जाते. मोसे खोऱ्याचे देशमुख बाजी पासलकर हे महाराजांच्या सुरुवातीच्या सहकाऱ्यांपैकी. आदिलशाही सरदार फत्तेखानाशी झालेल्या लढाईच्या वेळी ते कामी आले.

राजगडाला पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या असून मधोमध बालेकिल्ला उभा आहे. सुवेळा माचीच्या वाटेवरच्या खडकाला आरपार नेढे आहे. गडावरचे सर्वांत पाहण्यासारखे बांधकाम मात्र संजीवनी माचीचे. इथे तट दुहेरी आहे. आतल्या आणि बाहेरच्या तटामध्ये माणूस अंग चोरून जाईल एवढीच फट, आणि तिच्यात उतरायला अरुंद, अंधाऱ्या पायऱ्या. पहिला तट शत्रूने फोडला तरी तो या चिंचोळ्या फटीत अडकावा, अशी ही योजना आहे. दोन्ही हात दोन्ही भिंतींना टेकवून त्या फटीत उभे राहिले की बांधणाऱ्याची बुद्धी तळहाताला कळते. नकाशात पाहून ती कळत नाही, म्हणून गडावर गेलेल्याने ही माची शेवटपर्यंत पाहिल्याखेरीज उतरू नये.

औरंगजेबाने १७०४ मध्ये दोन्ही गड घेतले आणि राजगडाला नबीशाहगड, तर तोरण्याला फुतूहुल्घैब अशी नावे दिली. ही नावे टिकली नाहीत, गडही मोगलांना फार काळ राखता आले नाहीत. पुढे हा प्रदेश पंतसचिवांच्या भोर संस्थानात राहिला व १९४८ मध्ये संस्थानाच्या विलीनीकरणानंतर पुणे जिल्ह्यात आला. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांत राजगड आहे. तोरणा त्या यादीत नाही, पण त्याचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही.

घाटवाटा : केळदजवळचा मढे घाट हा कोकणात उतरणारा जुना मार्ग. सिंहगडावर १६७० मध्ये पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचा देह याच वाटेने त्यांच्या उमरठ गावी नेला, म्हणून घाटाला हे नाव पडले, असे सांगतात. पावसाळ्यात येथील धबधबा पाहायला मोठी गर्दी होते. मोहरी, सिंगापूर ही अगदी कड्यावरची गावे. मोहरीच्या रायलिंग पठारावरून लिंगाणा समोर उभा दिसतो आणि त्यामागे रायगड. बोराट्याची नाळ व सिंगापूरची नाळ या खड्या वाटा येथूनच उतरतात.

धरणे : आंबी नदीवर पानशेत (तानाजीसागर), मोसे नदीवर वरसगाव (वीर बाजी पासलकर जलाशय) आणि कानंदीवर धानेपजवळ गुंजवणी. पानशेतचे मातीचे धरण बांधकाम पुरते झालेले नसताना १२ जुलै १९६१ च्या सकाळी फुटले. पाण्याचा लोंढा खडकवासल्यापर्यंत गेला, तेही धरण फुटले आणि पुणे शहराचा मोठा भाग बुडाला. त्याआधीच्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून धरण वाचवण्याची शिकस्त केली होती. पानशेतचे धरण पुढे नव्याने बांधले. पानशेतची साठवण क्षमता १०.६५ टीएमसी, वरसगावची १२.८२ टीएमसी. खडकवासला प्रकल्पातील चार धरणांच्या एकूण २९.१५ टीएमसीपैकी २३.४७ टीएमसी पाणी या दोन धरणांत साठते. पुण्याच्या नळाला येणारे बहुतेक पाणी असे या तालुक्यात अडवलेले आहे. त्यासाठी इथली खाचरे व घरे पाण्याखाली गेली आणि गावांना उठावे लागले. पुण्याच्या पुराबद्दल पुष्कळ लिहिले गेले. या उठलेल्या गावांची नोंद तितक्या आस्थेने व्हायला हवी होती.

लोक : मराठा शेतकरी कुटुंबे संख्येने अधिक. महादेव कोळी, कातकरी, बौद्ध, रामोशी आणि उंच पठारांवर गुरे राखून राहणारे धनगर हे इतर समाज. धनगरवाडे मूळ गावापासून दूर, कड्याच्या काठाला असतात. शिरकोली येथील शिरकाई व तोरण्यावरील मेंगाई ही प्रमुख श्रद्धास्थाने. भातशेतीच गावांच्या वर्षाचा क्रम ठरवते. उन्हाळ्यात डहाळ्या, गवत, शेण पसरून राब भाजतात, पहिल्या पावसात त्यावर रोप टाकतात, मग खाचरात चिखलणी आणि आवणी. वाकून रोपे लावणाऱ्या बायांच्या पाठीवर पूर्वी पानांचे इरले असे. आता प्लास्टिकचा कागद असतो. इरले विणणारे हात फार थोडे उरले आहेत.

आर्थिक : भात, नाचणी व वरी ही पिके, जोडीला दूध. मोठे कारखाने नाहीत, त्यामुळे तरुण कामासाठी पुणे-मुंबईला जातात. गडांच्या पायथ्याशी जेवण-मुक्कामाची सोय करणारी घरे वाढली आहेत.

दळणवळण : पुण्याहून सातारा रस्त्याने नसरापूरपर्यंत व तेथून मार्गासनीवरून वेल्ह्यास जाता येते, दुसरा रस्ता सिंहगडाच्या पायथ्याकडून पाबे घाटाने. राजगडास गुंजवणे व पाल खुर्द या गावांकडून चढतात. पायथ्याच्या गावी जेवण आधी सांगून ठेवले तर उतरल्यावर गरम भाकरी मिळते.