उपशाचे पाणी

प्रवरा आणि म्हाळुंगी जिथे मिळतात त्या संगमनेराला पाण्याची वाण नसावी, असे नावावरून वाटते. पण प्रवरा उगम पावते त्या अकोले तालुक्याच्या घाटमाथ्यावर वर्षाकाठी काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि नदी संगमनेरला पोहोचते तोवर तोच आकडा पाचशेच्या आसपास उतरलेला असतो. तळेगाव दिघेचा परिसर काय किंवा साकूर-घारगावचे पठार काय, चैत्र-वैशाखात तिथे प्यायच्या पाण्याचीही चणचण. अशा मुलखात पोहण्याचा तलाव ही शहरी आणि अलीकडची चैन वाटणे साहजिक आहे. तरीही या अवर्षणाच्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या मुले पोहायला शिकली, पाठीला सुका भोपळा किंवा पांगाऱ्याचा बिंडा बांधून, आणि शिकली ती शेतातल्या विहिरीत. त्या विहिरीचे पाणी नितळ राखायला वेगळा माणूस ठेवावा लागला नाही, कारण ते काम मोट करत होती, असे माझे म्हणणे आहे.

मोटेची चाल पाहिली म्हणजे हे उमगते. बैल धावेवरून उतरत, नाड्याला बांधलेली शे-दीडशे लिटरची चामडी मोट वर येई, सोंदूर ताणला की तिची सोंड थारोळ्यात मोकळी होई आणि पाणी पाटाने वाफ्यांत जाई. रब्बीच्या दिवसांत हे पहाटेपासून चाले. जेवढे पाणी बाहेर जाई तेवढी जागा रात्रीतून झरे भरून काढत, म्हणजे विहिरीतले पाणी सतत नवे होत राही. शिवाय खोल, अरुंद विहिरीत ऊन जेमतेम मध्यान्हीला उतरे. शेवाळाला ऊन लागते, बाष्पीभवनालाही ऊन आणि वारा लागतो, आणि इथे दोन्ही बेताचेच. उन्हाळ्यात पाणी तळाला गेले की गाळ काढायचा. आजच्या तलावावरचा माणूस पंप, फिल्टर, जाळी आणि क्लोरीन घेऊन जे करतो, त्यातले बरेचसे इथे पिकाला पाणी देता देता होऊन जाई.

यावर सर्वांत मोठा आक्षेप नारूचा आहे, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. नारूची मादी माणसाच्या पायातून फोड फोडून बाहेर येते. त्या आगीला थंडावा म्हणून रोगी बारवेच्या पायऱ्या उतरून पाय पाण्यात बुडवतो, तेव्हा हजारो अळ्या पाण्यात सुटतात. सायक्लॉप्स नावाचे सूक्ष्म जीव त्या गिळतात, ते पाणी कोणी प्यायले की वर्षभराने त्याच्याही पायाला फोड येतो. नितळ दिसणारे पाणी निर्धोक असतेच असे नाही, याचा याहून कठोर पुरावा नको. १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली तेव्हा ज्या सात राज्यांत हा रोग होता त्यांत महाराष्ट्र होता. मोहिमेने पाण्यात टेमेफॉस टाकले, पाणी कापडातून गाळून प्यायला शिकवले आणि पायऱ्यांच्या विहिरी बंदिस्त करून दोर-बादलीच्या केल्या. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. म्हणून माझा दावा मी आखडता घेतो: उपशाने गाळ आणि शेवाळ हटत होते, रोग हटत नव्हता. ज्यात माणूस उतरतो ते पाणी प्यायचे नाही, हा नियम आजचा तलाव पाळतो. जुन्या विहिरीला तो नेहमी परवडत नव्हता.

दुसरा आक्षेप माणसांचा आहे. ‘गावची विहीर’ म्हणताना गावातले सगळे तिच्यात मोजले जात नव्हते. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला आणि २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, यातच त्या पाण्याचा खरा इतिहास आला. विहिरीत मुटके मारणाऱ्या पोरांच्या आठवणी कितीही गोड असोत, काठावरून परतवलेल्या पोरांची आठवण त्यात धरली पाहिजे.

मोट संपली ती मात्र या कोणत्याच कारणाने नव्हे. आधी तेलाचे इंजिन आले, मग विजेची मोटर. १९७२ च्या दुष्काळानंतर कूपनलिका वाढत गेल्या आणि झरे विहिरीच्या तळाखाली उतरले. प्रवरेच्या कालव्यांखालचा भाग तेवढा वेगळा, कारण भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि पाझराने तिथल्या विहिरींना आधार मिळाला. बाकी ठिकाणी झरा गेला आणि पोहण्याची जागाही गेली. तिची जागा उघड्या, उथळ तलावाने घेतली. पंचवीस मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद तलावातून उन्हाळ्यात रोज आठ मिलिमीटर पाणी उडते असे धरले, तरी ते अडीच हजार लिटर होते. कडक उन्हात साधे क्लोरीनही काही तासांत उडून जाते, म्हणून ते पुन्हा पुन्हा घालावे लागते. टँकरच्या तालुक्यात ही उधळपट्टी आहे, असे कोणी म्हणेल. मला ते पूर्ण पटत नाही, कारण पोहता न येणारी मुले कालव्यात आणि शेततळ्यात उतरतातच. पण तलावावर ताडपत्री घालून बाष्पीभवन रोखणे आणि फिल्टर धुतलेले पाणी क्लोरीन उडाल्यावर झाडांना देणे अवघड नाही. तेवढे केले तर निदान ते पाणी, मोटेच्या पाण्यासारखे, पाटाने मुळांपर्यंत जाईल.