लोमशातन : व्रणचिकित्सेकडून प्रसाधनाकडे

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसरातील ब्यूटी पार्लरच्या पाट्यांवर 'आयुर्वेदिक' हा शब्द सर्रास आढळतो. अंगावरील अतिरिक्त केस घालविण्याचे उपाय प्राचीन आयुर्वेदात आहेत, असे आपल्या विद्यार्थिनीही सहज सांगतात. हे विधान खोटे नाही; मात्र ते उपाय कशासाठी होते, हे संहिता उघडल्यावरच कळते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २१ व्या अध्यायात आठ 'निंदित' शरीरे सांगितली असून त्यांत अतिलोमा व अलोमा हे दोन्ही येतात. पुढे चिकित्सा येते ती केवळ अतिस्थूल व अतिकृश यांची. अतिलोम्याला तेथे नाव मिळते, औषध नाही.

लोमापहरणाची कृती सापडते ती सुश्रुतसंहितेत, चिकित्सास्थानाच्या पहिल्या अध्यायात, व्रणाच्या ६० उपक्रमांमध्ये. केसांनी वेढलेला व्रण नीट भरून येत नसेल, तर वस्तरा, कात्री वा चिमट्याने केस काढावेत. अथवा दोन भाग शंखचूर्ण व एक भाग हरताळ शुक्तात वाटून लेप द्यावा, असे तेथे सांगितले आहे. त्याच्या अगोदरचा उपक्रम नेमका उलट, म्हणजे व्रणस्थानी केस उगविण्याचा आहे. त्यासाठी हस्तिदंताची मषी व रसांजन सांगताना, या लेपाने तळहातावरही केस येतात, अशी ग्वाही ग्रंथकार देतो! दोन्ही ठिकाणी लक्ष्य व्रण आहे, रूप नव्हे.

शार्ङ्गधरसंहितेच्या उत्तरखंडातील लेपाध्यायात हा संदर्भ पालटतो. शंखचूर्ण व हरताळ यांचे प्रमाण तेच. त्यांत मनशीळ व सज्जीखार यांची भर पडते. केस उपटून सात वेळा लेप दिल्यास ती जागा क्षपणकाच्या मस्तकासारखी निर्केश होते, असे तेथे म्हटले आहे. व्रण नाहीसा झाला आणि केस हाच विषय उरला. प्रस्तुत लेखकाच्या मते आजच्या जाहिरातींचा खरा पूर्वज सुश्रुत नसून हा लेपाध्याय आहे.

या लेपांच्या गुणाचे कारणही पाहण्यासारखे आहे. हरताळ म्हणजे आर्सेनिकचे सल्फाइड. भाजलेल्या शंखाच्या चुन्याशी त्याचा ओलसर संयोग झाला की केसातील केराटिन विरघळते. तुर्की स्नानगृहांतील 'रुस्मा' हे लोमनाशकही हरताळ व चुना यांचेच असे. मनशीळही आर्सेनिकचेच संयुग. औषधे नियम, १९४५ (पूर्वीचे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) यांच्या अनुसूची ई-१ मध्ये हरताळ व मनशीळ ही दोन्ही द्रव्ये विषारी म्हणून नोंदलेली आहेत. पाकिटावर 'प्राचीन' असे छापणारा उत्पादक त्यांपैकी काहीच वापरत नसेल, तर ग्राहकाच्या दृष्टीने ते बरेच आहे. मात्र मग त्या लेपात प्राचीन असे नाव तेवढे उरते.