एक जूनची माणसं

माझ्या बाबांचा वाढदिवस १ जून. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात एक तरी १ जूनचा माणूस असणारच. आजोबा, एखादे काका, नाहीतर शाळेतले हेडमास्तर. महाराष्ट्रात दरवर्षी ३१ मे ला सरकारी कार्यालयांत आणि शाळांत निवृत्तीच्या निरोपसमारंभांची झुंबड उडते, त्याचं कारण हेच. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, पोराला घेऊन बाप यायचा, जन्मतारीख कुणालाच ठाऊक नसायची, आणि गुरुजी लिहायचे १ जून. बाबांची तारीख त्यांच्या गुरुजींनी अशीच लिहिली. पुढे बाबा स्वतः गुरुजी झाले आणि त्यांनी शे-दीडशे पोरांना आपलाच वाढदिवस वाटून टाकला.

हे सगळं घडलं अक्कलकुव्याला. म्हणजे खुद्द अक्कलकुव्यात नाही. गाव सोडून मोलगीच्या रस्त्याला लागलं की देवगोईचा घाट लागतो. घाट चढून वर गेल्यावर मोलगीच्या पलीकडे एका पाड्यावर बाबा १९६८ साली रुजू झाले. वय तेवीस (अर्थात १ जूनच्या हिशोबाने!). तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता, तो १ जुलै १९९८ ला झाला. सगळं धुळ्याखाली. पाडा म्हणजे एका ठिकाणी दाटीने वसलेलं गाव नव्हे. एका टेकाडावर एक घर, समोरच्या टेकाडावर दुसरं, मध्ये ओढा. पट भरायचा तर दिवसभर टेकाडं चढायची आणि उतरायची. बाबांची भाषा अहिराणी, पोरांची भिलोरी. पहिले चार महिने खाणाखुणांवरच शाळा चालली म्हणतात.

पोराचं वय ठरवायची रीत जुन्या माणसांना आठवत असेल. उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लावायचा. हात पोचला की पोरगं सहा वर्षांचं. नाही पोचला तर पुढच्या वर्षी या. लांब हाताची पोरं लवकर मोठी व्हायची, एवढाच काय तो फरक. आम्ही लहानपणी हे ऐकून खूप हसायचो. बाबा हसायचे नाहीत. का, ते मला फार उशिरा कळलं. त्याबद्दल पुढे येईलच.

मार्च १९७१ मध्ये जनगणना झाली. गणनेचं काम शाळामास्तरांवर, ते आजही तसंच आहे. पोरांचा कान तरी धरता येतो, म्हाताऱ्यांचं काय? म्हणून प्रगणकांना सांगितलेलं असायचं की वय माहीत नसेल तर भागातल्या मोठ्या घटना विचारा आणि त्यावरून अंदाज बांधा. बाबांनी त्यासाठी एक कच्ची वही केली. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची. गणनेची माहिती गुप्त ठेवायची असते, त्यामुळे ती वही जवळ ठेवणं नियमात बसतं की नाही अशी धास्ती त्यांना कायम वाटायची. म्हणून ती पत्र्याच्या पेटीत तळाशी, आईच्या लग्नातल्या शालूखाली राहिली. मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझेच केस पांढरे व्हायला लागले होते.

त्या वहीत वयाच्या रकान्यात आधी आकडे नाहीतच. आहे ते असं: "छप्पनियात आई मेली, हा अंगावर पीत होता." छप्पनिया म्हणजे संवत १९५६ चा, १८९९-१९०० चा दुष्काळ. गुजरातला लागून असल्यामुळे इकडे तेच नाव. "मानमोडीत दोन भाऊ गेले, ही तेव्हा चालत होती." ही १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. "आप की जय च्या वेळी लग्न झालेलं." हे गुलाम महाराजांचं. त्यांनी आदिवासींना दारू सोडायला सांगितली आणि माणसं एकमेकांना 'आप' म्हणू लागली. महाराज १९३८ मध्ये वारले. प्रत्येक ओळीच्या शेवटी मग पेन्सिलीने बारीक आकडा आणि पुढे 'अं.', म्हणजे अंदाजे. सरकारात गेला तो फक्त आकडा.

एका म्हाताऱ्या कारभाऱ्याची नोंद मला सगळ्यात आवडते. "देवी आली तेव्हा बकऱ्या राखायचा." बाबांना वाटलं, देवीची साथ. त्यांनी त्याच्या तोंडावर व्रण शोधले, सापडले नाहीत, म्हणून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं. पुष्कळ वर्षांनी मी डेव्हिड हार्डिमन यांच्या 'द कमिंग ऑफ द देवी' या १९८७ च्या पुस्तकाबद्दल वाचलं आणि उलगडा झाला. १९२२ च्या अखेरीला दक्षिण गुजरातच्या आदिवासी भागात सलाबाई नावाची देवी माणसांच्या अंगात येऊन बोलू लागली. दारू सोडा, रोज आंघोळ करा, सावकार-पारशांची चाकरी करू नका. ती लाट पश्चिम खानदेशातही पसरली होती. म्हणजे म्हातारा बरोबर सांगत होता, प्रश्नचिन्हच चुकलं होतं. १९२२-२३ मध्ये बकऱ्या राखण्याएवढा, म्हणजे आठ-दहा वर्षांचा. १९७१ ला साठीच्या जरा अलीकडे. वहीत ७० लिहिलंय.

या कारभाऱ्याने बापाबरोबर डोंगराच्या उतारावर एक शेत काढलं होतं. त्यात ज्वारी, मका, तूर, उडीद, कडेने बारीक धान्यं. नांगर जेमतेम फिरेल असा उतार. निंदणीला एकट्याच्या घरचे हात पुरायचे नाहीत, मग आज तुझ्या शेतात सगळे, उद्या माझ्या शेतात सगळे. मजुरी नाही, पण ज्याचं शेत त्याने जेवण घालायचं. बाबाही सुटीच्या दिवशी जात. त्यांच्या निंदणीची तिथे यथेच्छ टिंगल होई. उन्हाळ्यात मोहफुलं. मोहाची झाडं कुणाची हे सगळ्यांना पाठ. झाड उभं एकाच्या बांधावर, पण फुलं वेचायचा हक्क दुसऱ्या घराचा, कारण तिसऱ्या पिढीत वाटणीत ते तिकडे गेलं. कैऱ्या उतरवून, चिरून, खडकावर वाळवून आमचूर करायचा आणि मोलगीच्या बाजारात मीठ-तेलाच्या बदल्यात द्यायचा. व्यापारी मापात काय करायचा ते लिहीत नाही, तुम्हाला कळलंच असेल.

कारभाऱ्याची सून बाबांच्याच वयाची. शाळेला पाणी भरायची. बियाणं तिच्या ताब्यात. कणसं निवडून, राखेत घोळवून, शेणाने लिंपलेल्या बांबूच्या कणगीत ठेवायची. दुष्काळाच्या वर्षी, १९७२ ला, घरात खायला नव्हतं तरी तिने ती कणगी उघडू दिली नाही. सासरा दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. पुढच्या पावसाळ्यात अख्ख्या पाड्याने तिच्याकडून बी नेलं.

आणि तिच्याच ताब्यात होतं एक बांबूचं नळकांडं. त्यात कागद.

इथे थोडा इतिहास सांगायला हवा, कंटाळू नका. हा मुलूख मेहवासी. काठी, चिखली, सिंगपूर, गव्हाळी अशा भिल्ल जहागिरदारांच्या ताब्यातला. १९६१ च्या रेग्युलेशनने पश्चिम खानदेशातल्या या जहागिऱ्यांचे मालकी हक्क गेले. जहागिरीत जमीन कोण कसतो याची नोंद तोंडी असे. नंतर कागदाचं राज्य आलं, आणि १९२७ च्या वन कायद्याच्या नजरेत ज्याच्याकडे कागद नाही तो अतिक्रमण करणारा. गार्ड यायचा, दंड करायचा, कधी पावती द्यायचा, पुष्कळदा नाही. ज्यांना पावती मिळाली ते नशीबवान, असं म्हणायची पाळी पुढे येईल हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. दंडाची पावती म्हणजे गुन्ह्याचा कागद. पण त्यावर तारीख असते. त्या तारखेला हा माणूस या जमिनीवर नांगर धरून उभा होता, हे खुद्द सरकारने लिहून दिलेलं असतं! वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला. आदिवासीला दाखवायचं होतं की १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन त्याच्या ताब्यात आहे. आणि पाड्यापाड्यांवर माणसं छपरात, कणग्यांत, पेट्यांत जुन्या दंडाच्या पावत्या शोधू लागली.

आजीच्या (आता तिला आजीच म्हणायला हवं) नळकांड्यात १९७४ ची पावती होती, सासऱ्याच्या नावाची. पण गार्डाने ऐकलं तसं नाव लिहिलेलं. मतदार यादीत नाव वेगळं, रेशनकार्डावर तिसरंच. तिच्या मुलाने २००९ मध्ये दावा केला, तो नामंजूर झाला. पावतीवरचा माणूस आणि यांचा आजा एकच कशावरून? फेब्रुवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने नामंजूर दावेदारांना काढायचा आदेश दिला तेव्हा त्या घरात चूल पेटली नाही म्हणतात. पंधरा दिवसांनी, २८ फेब्रुवारीला, कोर्टानेच स्थगिती दिली. मग जुन्या दाव्यांच्या फेरतपासणीचं सुरू झालं.

२०२४ च्या फेब्रुवारीत बाबांना फोन आला. फोनवर आजीचा नातू, नंदुरबारला कॉलेजात शिकणारा. "गुरुजी, नियमात लिहिलंय, म्हाताऱ्या माणसाचा जबाब पुरावा म्हणून चालतो. दावेदार सोडून दुसऱ्या कुणाचा. तुम्ही याल का?"

मी नियम काढून पाहिले. खरंच आहे. २००८ च्या नियमांत, तेराव्या नियमात पुराव्यांची यादी आहे. नकाशे, गॅझेटियर, ओळखपत्रं, जुनी घरं, बांध, विहिरी, दफनाच्या जागा, वंशावळ, आणि दावेदारांखेरीज इतर वडीलधाऱ्यांचं लेखी घेतलेलं निवेदन. मी दोनदा वाचलं. ज्यांचं बोलणं इतकी वर्षं कुणी कागदावर घेतलं नाही, त्यांचं बोलणं कायद्याच्या यादीत.

बाबा लगेच हो म्हणाले नाहीत. दोन दिवस गप्प होते. घाट चढताना गाडीत बोलले. मोलगीनंतर त्यांची बदली नर्मदेच्या काठच्या एका गावात झाली होती. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली ३३ गावं आली. त्यांत अक्कलकुव्याचं मणिबेली पहिलं, आणि हेही एक. नर्मदा लवादाच्या १९७९ च्या निवाड्याप्रमाणे खातेदाराच्या सज्ञान मुलाला वेगळं कुटुंब धरायचं होतं, वेगळी जमीन द्यायची होती. बाबांनी १९७६ ला एका पोराचा कान पाहिला होता. हात पोचला म्हणून सहा वर्षं लिहिली. आखूड हातांचं पोर होतं, आठाचं तरी असेल, ओठावर लव यायच्या आधीच शाळा सोडून गेलं. ठरलेल्या तारखेला ते कागदावर सतरा वर्षांचं भरलं. थोरल्या भावाला वेगळी जमीन, याला नाही. त्याची आई गुरुजींना शोधत धुळ्यापर्यंत आली होती. "तारीख बदलून द्या." रजिस्टरात खाडाखोड करता येत नाही, असं बाबांनी तिला सांगितलं. तेही खरंच होतं.

"मी लिहिलं की बिघडतं," बाबा म्हणाले. मी काय बोलणार? घाटात समोरून आमचुराच्या गोण्या भरलेली जीप आली, तिला वाट दिली.

पाड्यावर बाबांना कुणी ओळखलं नाही. फक्त आजीने ओळखलं. तिचं दिसणं कमी झालं होतं, आवाजावरून ओळखलं. समितीची माणसं, पोलीस पाटील, ग्रामसेवक, सगळे झाडाखाली बसले. बाबांनी वही पिशवीतून काढली तर नातू म्हणाला, "वही राहू द्या गुरुजी, तुम्ही सांगा." बाबांना वही न बघता सांगायला सांगणं म्हणजे... पण त्यांनी सांगितलं. शेत कुठून कुठपर्यंत, बांधावर मोह कोणता, ओढ्याकडे आंबे किती. मग नावाचं आलं. जनगणनेला घरोघरी फिरताना बाबा कागदावरच्या नावाशेजारी घरात हाक मारायचं नाव लिहून घ्यायचे, नाहीतर पुढच्या वेळी घर सापडायचं नाही. पावतीवरचं नाव हे ते घरातलं नाव, गार्डाने वाकडं लिहिलेलं. ऐकल्यावर आजी मध्येच हसली आणि सासऱ्याला सगळे काय हाक मारायचे ते मोठ्याने म्हणून दाखवलं. दोन-तीन म्हातारे माना हलवायला लागले. त्यांचेही जबाब मग घेतले. दुपार झाली, जेवणं झाली, ज्वारीची भाकरी आणि उडदाची डाळ.

जबाबाच्या शेवटी लिहिणाऱ्याने बाबांना जन्मतारीख विचारली. बाबा म्हणाले, "एक जून." तो मान वर न करता म्हणाला, "माझी पण."

दाव्याचा निकाल मी हे लिहीपर्यंत लागलेला नाही. त्याच पावसाळ्यात आजी गेली. वय तिच्या अंगठ्याच्या वर ८० लिहिलं आहे, पुढे कुणीतरी 'अं.' टाकलं आहे. जबाब दिलेल्या म्हाताऱ्यांपैकी आणखी एक गेला असं नातवाने कळवलं.

आता नातेवाइकांसाठी. बाबा म्हणतात वह्या दोन होत्या. दुसरी, नदीकाठच्या गावाची, बदलीच्या सामानात धुळ्याला मोठ्या काकांकडे राहिली असावी. तीही निळ्या पुठ्ठ्याची, बहुधा माळ्यावर किंवा जुन्या ट्रंकेत. त्या वहीत त्या पोराच्या आईने सांगितलेलं काहीतरी असेल, तो कोणत्या होळीला झाला वगैरे, असं बाबांना सारखं वाटतं. दिवाळीच्या साफसफाईत सापडली तर रद्दीत घालू नका. आधी मला फोन करा.